रॉबर्टो क्लेमेंटे: राइट फिल्डर म्हणून त्यांचे मोठेपण नेमके कशात होते?

मुक्ता_पि (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपूर्वी पिट्सबर्गला राहायला आलो. उन्हाळ्यात पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाचा सामना असला की अलेगनी नदीवरचा पिवळा पूल चालत ओलांडून मैदानावर जातो. सामन्याच्या दिवशी त्या पुलावर वाहने बंद असतात आणि सगळा पूल माणसांनी भरून जातो. पुलाला पायरेट्सचे जुने खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांचे नाव आहे. त्या मैदानाची, म्हणजे पीएनसी पार्कची, राइट फील्डची (फलंदाजाकडून पाहता उजवीकडच्या मागच्या भागातली) भिंत २१ फूट उंच आहे, तीही त्यांच्या २१ क्रमांकाच्या आठवणीखातर. त्यांच्याविषयी इथे कोणालाही विचारले तरी पहिल्या दोन वाक्यांतच विमान अपघाताचा उल्लेख येतो. १९७२ च्या शेवटच्या दिवशी भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले असताना ते गेले, हे ऐकून माझेही मन हेलावले. पण आपण त्यांना फक्त त्यांच्या मृत्यूमुळे ओळखतो आहोत, खेळामुळे नाही, असे मला राहून राहून वाटते.

प्रश्न विचारण्याचे आणखी एक कारण घरातले आहे. माझा अकरा वर्षांचा मुलगा इथल्या मुलांच्या संघात खेळतो आणि त्याला नेहमी राइट फील्डला उभे केले जाते. मुलांमध्ये असा समज आहे की, ज्याला सर्वांत कमी जमते त्याला तिथे पाठवतात. त्यामुळे तो खट्टू होतो. मग ज्या जागेवर कच्च्या मुलाला उभे करतात, त्याच जागेवर खेळलेल्या माणसाला सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत का गणले जाते? त्यांच्या नावावर २४० होम रन (बहुधा सीमेपार जाणारे, फलंदाजाला थेट धाव मिळवून देणारे फटके) आहेत. त्यांच्याच काळातल्या हँक एरन यांचे ७५५ आहेत आणि तेही मुख्यतः राइट फील्डलाच खेळले. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला समजेल अशा रीतीने कोणी हे उलगडून सांगितले, तर फार बरे होईल.

गोफणगुंडा

मुक्ताताई, आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण क्लेमेंटे यांच्या खेळाची किल्ली त्यातच आहे.

लहान मुलांच्या सामन्यांत राइट फील्डकडे चेंडू फारसे जात नाहीत. बहुतेक मुले उजव्या हाताने फलंदाजी करतात आणि ओढून मारलेला चेंडू आपसूक डावीकडे जातो. त्यामुळे प्रशिक्षक नवशिक्या मुलाला उजवीकडे ठेवतात. व्यावसायिक बेसबॉलमध्ये मात्र हे गणित उलटते. या खेळात फलंदाज होम प्लेटपाशी उभा राहून चेंडू मारतो आणि पहिला, दुसरा, तिसरा असे बेस पार करत परत होम प्लेटवर आला की धाव होते. पहिल्या बेसवर धावणारा उभा आहे आणि फलंदाजाने उजवीकडे साधा एक बेसचा फटका मारला, असे समजा. धावणाऱ्याला दुसऱ्या बेसवर न थांबता थेट तिसरा बेस गाठायचा असतो आणि तिसरा बेस राइट फिल्डरपासून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. सेंटर आणि लेफ्ट फिल्डरला तो बेस जवळ पडतो. राइट फिल्डरला मात्र कधी कधी ९० मीटरच्या आसपास अंतर एका फेकीत कापावे लागते. म्हणून मोठ्या संघांत मैदानाच्या मागच्या भागातल्या तिन्ही आउटफिल्डरांपैकी ज्याचा हात सर्वांत दणकट असेल, त्यालाच तिथे उभे करतात. एखाद्या जागेचा इतका मान वाढलेला मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेला नाही.

क्लेमेंटे शाळेत असताना भालाफेक करत. पोर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावात १८ ऑगस्ट १९३४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील उसाच्या मळ्यात मुकादम होते आणि रॉबर्टो भावंडांत सर्वांत धाकटे. हाताची पकड बळकट व्हावी म्हणून हा मुलगा सतत रबरी चेंडू दाबत बसे, असे सांगितले जाते. भाला फेकणाऱ्याचा खांदा, कंबर आणि मागचा पाय ज्या क्रमाने वळतात, तोच क्रम त्यांच्या चेंडूफेकीत दिसतो. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर हाताकडे पाहू नका, पायांकडे पाहा. धावत असताना चेंडू उचलायचा, अंग पूर्ण गिरकी घेऊन फिरवायचे आणि दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकण्याच्या आत चेंडू सोडायचा. हे सारे एका श्वासात होते. झेल घेताना ते तळहात वर करून पोटाजवळ चेंडू घेत. ती पद्धत पाहून अनेकांना वाटे की हा माणूस निष्काळजी आहे. माझ्या मते तसे मुळीच नव्हते. चेंडू कमरेपाशी आला की तिथूनच फेकीचा हात मागे जातो, त्यामुळे डोक्यावर झेल घेऊन हात खाली आणण्यात जो वेळ जातो तो वाचतो.

आता आकड्यांकडे येऊ. आउटफिल्डरच्या फेकीमुळे धावणारा बाद झाला की त्याच्या नावावर ‘असिस्ट’ लागतो. क्लेमेंटे यांचे असे २६६ असिस्ट आहेत. नॅशनल लीगमधल्या (अमेरिकेतल्या दोन प्रमुख लीगांपैकी एक) सर्व आउटफिल्डरांत सर्वाधिक असिस्ट मिळवण्याचा मान त्यांनी पाच हंगामांत पटकावला, आणि १९६१ मध्ये तर ही संख्या २७ होती. १९६१ ते १९७२ अशी सलग बारा वर्षे त्यांना गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळाला. तरीही हे आकडे त्यांच्या हाताची पूर्ण मोजदाद करू शकत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. एकदा हाताची कीर्ती पसरली की धावणारे धावायचेच थांबतात. जो तिसऱ्या बेसकडे निघालाच नाही, तो बाद कसा होणार आणि असिस्ट कुठून मिळणार? क्रिकेटमध्येही हे आपण पाहतो. कव्हरला चांगला क्षेत्ररक्षक असला की फलंदाज एक पाऊल पुढे टाकून मागे फिरतो आणि ती न झालेली धाव धावफलकावर कुठेच दिसत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमधले, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतले, आहे. प्रतिस्पर्धी बाल्टिमोर ओरिओल्स, सामना दुसरा. मर्व्ह रेटेनमंड दुसऱ्या बेसवर होते आणि फ्रँक रॉबिन्सन यांनी उजवीकडे उंच फटका मारला. क्लेमेंटे यांनी तो मैदानाच्या कडेला झेलला, जागच्या जागी गिरकी घेतली आणि चेंडू सरळ तिसऱ्या बेसवर टाकला. झेलानंतर तिसऱ्या बेसकडे निघालेले रेटेनमंड थोडक्यात वाचले. म्हणजे नोंदवहीत काहीच लागले नाही, आणि पायरेट्स तो सामना ३–११ असे हरलेही. तरीसुद्धा त्या मालिकेविषयी बोलणारे लोक आजही ही फेक आठवतात, यातच सारे आले.

आपल्याकडे एकनाथ सोलकर यांच्या नावावर २७ कसोटींत ५३ झेल आहेत. केवळ क्षेत्ररक्षणासाठी पाहावा असा खेळाडू म्हटले की आपल्या पिढीला तेच आठवतात. सोलकर फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहत आणि क्लेमेंटे पार सीमेपाशी, पण ‘चेंडू त्याच्याकडे गेला’ एवढ्यावरच लोकांनी श्वास रोखावा, ही गोष्ट दोघांत सारखीच होती.

शांताराम_म

गोफणगुंडा यांनी हाताविषयी उत्तम लिहिले आहे. मी बॅटविषयी थोडे लिहितो, कारण मुक्ताताईंनी होम रनचा प्रश्न विचारला आहे आणि तो अगदी रास्त आहे.

होम रनच्या संख्येवरून क्लेमेंटे यांना मोजू नये, याचे पहिले कारण त्यांचे मैदान. १९७० च्या जूनपर्यंत पायरेट्सचे घर फोर्ब्स फील्ड होते. तिथे डावीकडच्या मध्यभागी भिंत ४५७ फुटांवर होती. उजव्या हाताच्या फलंदाजाने तिकडे कितीही जोरात मारले तरी चेंडू बहुधा आउटफिल्डरच्या हातात पडे. क्लेमेंटे यांनी हे ओळखून आपली फलंदाजी बेतली. चेंडू ओढून आकाशात उडवण्याऐवजी ते सगळ्या दिशांना, विशेषतः उजवीकडे, सपाट आणि जोरकस फटके मारत. मोकळ्या जागेत चेंडू गेला की पायांच्या वेगावर दोन किंवा तीन बेस काढत. त्यांच्या नावावर १६६ ट्रिपल (तीन बेसचे फटके) आहेत, आणि माझ्या दृष्टीने हा आकडा २४० पेक्षा जास्त बोलका आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे हिट्सना (बेसवर पोहोचवणाऱ्या फटक्यांना) अ‍ॅट-बॅटनी (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधींनी) भागायचे. क्लेमेंटे यांनी ९,४५४ अ‍ॅट-बॅटमध्ये ३,००० हिट्स मिळवले, म्हणजे सरासरी ०.३१७ येते. दहापैकी तीन वेळा जो यशस्वी होतो त्याला या खेळात उत्तम फलंदाज मानतात, हे लक्षात घेतले तर अठरा हंगाम ही पातळी टिकवणे किती कठीण आहे ते कळेल. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ अशी चार वर्षे ते नॅशनल लीगच्या फलंदाजीत पहिले आले. १९६७ ची सरासरी ०.३५७ होती. १९६६ मध्ये त्यांनी जाणीवपूर्वक ताकदीचा खेळ वाढवला, २९ होम रन मारले, ११९ धावा घडवल्या आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला. पुढे १९७० च्या ऑगस्टमध्ये डॉजर्सविरुद्ध लागोपाठच्या दोन सामन्यांत त्यांनी पाच-पाच हिट्स घेतले. तेव्हा त्यांनी वयाची ३६ वर्षे नुकतीच पूर्ण केली होती.

एक उणीवही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते धीर धरून ‘वॉक’ (चार चेंडू बाहेर पडल्यावर मिळणारा पहिला बेस) मिळवणाऱ्यांपैकी नव्हते. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बाहेर टाकलेला चेंडूही ते हात लांबवून मारत. कारकिर्दीतले त्यांचे वॉक फक्त ६२१ आहेत, म्हणून बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात ते एरन, विली मेज किंवा फ्रँक रॉबिन्सन या समकालीनांच्या मागे राहतात. आजचे आकडेतज्ज्ञ यावर बोट ठेवतात आणि ते चुकीचे नाही. क्षेत्ररक्षण आणि धाव यांची भर घातली की पारडे बरेच सावरते, असे मला वाटते. पण एरन यांच्या बॅटशी त्यांची बरोबरी करण्याचा हट्ट मी धरणार नाही.

ते पिट्सबर्गला कसे आले, तेही सांगण्याजोगे आहे. १९५४ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्सनी त्यांना १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले. त्या काळच्या नियमानुसार ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस घेतलेल्या नव्या खेळाडूला मुख्य संघात ठेवले नाही, तर हंगामाच्या शेवटी दुसरे संघ त्याला उचलू शकत. डॉजर्सनी त्यांना मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले, तिथे ते फार कमी खेळले आणि नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनी त्यांना ४,००० डॉलरमध्ये घेतले. पायरेट्स त्या वर्षी तळाला असल्यामुळे पहिली निवड त्यांचीच होती. डॉजर्सनी त्यांना मुद्दाम लपवून ठेवले होते का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण वीस वर्षांच्या मुलाला आपण बाकावर का बसलो आहोत हे कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि ती सल त्यांच्या मनात पुढे बरीच वर्षे राहिली. त्याच हिवाळ्यात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने त्यांच्या गाडीला धडक दिली आणि पाठीच्या मणक्याचे दुखणे मागे लागले, ते आयुष्यभर.

१७ एप्रिल १९५५ रोजी त्यांनी पायरेट्सकडून पहिला सामना खेळला. पहिला हिटही त्याच दिवशी मिळाला, आणि तोही डॉजर्सच्याच जॉनी पॉड्रेस यांच्या चेंडूवर.

२५ जुलै १९५६ चा एक प्रसंग सांगून थांबतो. शिकागो कब्जविरुद्ध नववी इनिंग, पायरेट्स ५–८ असे मागे आणि तिन्ही बेस भरलेले. क्लेमेंटे यांनी पहिल्याच चेंडूवर फटका मारला. चेंडू मैदानातच राहिला. तिसऱ्या बेसपाशी व्यवस्थापक बॉबी ब्रॅगन थांबण्याची खूण करत होते, तरी क्लेमेंटे न थांबता धावत होम प्लेटवर पोहोचले आणि सामना ९–८ असा जिंकून दिला. आदेश मोडणे चुकीचे आहे हे मान्य करूनही सांगतो, बेसबॉलच्या इतिहासातल्या इतक्या धावांत ही माझी सर्वांत आवडती धाव आहे.

मुक्ता_पि

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलाला गोफणगुंडा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण नंतर अंगणात भाला फेकल्यासारखा हात करून पाहत होता.

आणखी दोन शंका आहेत. इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी १९६० च्या दशकातले, खेळाडूच्या चित्राचे एक कार्ड पाहिले, त्यावर ‘बॉब क्लेमेंटे’ असे छापले होते. हे नाव त्यांनी स्वतः घेतले होते का? आणि तीन हजारावा हिट हा त्यांच्या आयुष्यातला शेवटचा चेंडू होता, असे दुकानदार म्हणाले, ते बरोबर आहे का?

नीलांबरी_स

मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे नावाच्या प्रश्नावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘बॉब’ हे नाव त्यांनी घेतलेले नव्हते. टॉप्स कंपनीच्या कार्डांवर १९५७ पासून १९६९ पर्यंत ते ‘बॉब’ म्हणूनच छापले गेले, आणि समालोचक व वार्ताहरही बऱ्याचदा तसेच म्हणत. परक्या नावाला इंग्रजी वळण दिले की माणूस जवळचा वाटतो, अशी त्यांची समजूत असावी. क्लेमेंटे मात्र आपले नाव रॉबर्टो आहे हे शांतपणे आणि ठामपणे सांगत राहिले.

बोलण्याच्या बाबतीत याहून वाईट वागणूक मिळाली. ११ जुलै १९६१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये त्यांनीच विजयी हिट मारला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांची वाक्ये त्यांच्या स्पॅनिश उच्चाराप्रमाणे वेडीवाकडी करून छापली गेली. ज्या माणसाने आदल्या दिवशी सामना जिंकून दिला, त्याला वाचकांनी हसावे अशा पद्धतीने ते लिहिले होते. दुसऱ्या भाषेत बोलण्याचे धाडस करणाऱ्या माणसाच्या उच्चारांवर बोट ठेवून त्याच्या बुद्धीची किंमत करणे हे मला आजही अतिशय क्लेशदायक वाटते. मणक्याच्या दुखण्याबद्दल ते खरे बोलले की ‘हा नेहमी कुरकुरतो’ असे लिहिले जाई. तेच दुखणे घेऊन दुसरा एखादा खेळला असता, तर त्याला चिवट म्हटले गेले असते.

ते काळे होते आणि स्पॅनिश बोलणारे होते, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी परके मानले गेले. वसंतातल्या सरावासाठी संघ फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जाई. तिथे गोऱ्या खेळाडूंना हॉटेल मिळे आणि काळ्या खेळाडूंना गावाच्या वेगळ्या वस्तीत कोणाच्या तरी घरी राहावे लागे. प्रवासात रस्त्यावरच्या खाणावळीत गोरे जेवायला उतरत, तेव्हा बाकीचे बसमध्येच थांबत. क्लेमेंटे यांनी हे सहन करायला नकार दिला आणि व्यवस्थापनाकडून स्वतंत्र गाडीची सोय करून घेतली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अंत्यसंस्कार होईपर्यंत हंगामाचा पहिला सामना खेळायचा नाही, असे पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवले, त्यात ते पुढे होते. १ सप्टेंबर १९७१ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध पायरेट्सचे सुरुवातीचे नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन होते. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलच्या, इतिहासात असे प्रथमच घडले आणि त्या नऊ जणांत तिसऱ्या क्रमांकावर क्लेमेंटे होते.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजविषयीही सांगते. पहिले दोन सामने हरल्यावर पायरेट्सनी सात सामन्यांत मालिका जिंकली. क्लेमेंटे यांनी १२ हिट्स घेतले, सरासरी ०.४१४ राखली आणि निर्णायक सामन्यात माइक क्वेयार यांच्या चेंडूवर होम रन मारला. तो सामना २–१ असा सुटला. मालिकेतले सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. सामन्यानंतर दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर त्यांना बोलायला सांगितले, तेव्हा इंग्रजीत उत्तर देण्याआधी ते स्पॅनिशमध्ये बोलले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्यांनी आपल्या मुलांना आशीर्वाद दिले आणि स्वतःच्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितले. आपल्याकडे परीक्षेचा निकाल लागला की आधी घरच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. त्यामुळे हा क्षण मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मी वर्गात ती चित्रफीत दरवर्षी दाखवते.

नावाचा शेवटचा अन्याय तर हॉल ऑफ फेममध्येच, म्हणजे बेसबॉलमधल्या श्रेष्ठ खेळाडूंचा सन्मान होतो त्या संग्रहालयातच, झाला. स्पॅनिश पद्धतीत आधी वडिलांचे आडनाव आणि मग आईचे माहेरचे आडनाव लिहितात. त्यामुळे त्यांचे पूर्ण नाव रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर असे होते. १९७३ च्या फलकावर मात्र ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’ असे कोरले गेले, जणू वॉकर हे इंग्रजी पद्धतीचे मधले नाव असावे. ती चूक २००० साली नवा फलक लावून दुरुस्त झाली. मुक्ताताईंनी ज्या २१ चा उल्लेख केला, तो क्रमांकही रोमन लिपीत लिहिलेल्या या तिन्ही नावांतली अक्षरे मोजून घेतल्याचे सांगतात. सात, आठ आणि सहा.

दत्ता_कुलाबकर

दुकानदारांचे म्हणणे जवळपास बरोबर आहे, पण पूर्ण नाही. ३० सप्टेंबर १९७२ रोजी थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जॉन मॅटलॅक यांच्या चेंडूवर त्यांनी दोन बेसचा फटका मारला, तो तीन हजारावा हिट. ३,००० पर्यंत पोहोचलेले ते अकरावे फलंदाज आणि लॅटिन अमेरिकेतले पहिले. नियमित हंगामातला तो त्यांचा शेवटचा हिट होता हे खरे. पण ३ ऑक्टोबरला ते काही वेळ फक्त क्षेत्ररक्षणासाठी मैदानात आले आणि त्यानंतर सिनसिनाटीविरुद्धच्या लीग अजिंक्यपदाच्या मालिकेत पाचही सामने खेळले. त्यात त्यांनी एक होम रनही मारला. आकड्यांची गोडी असलेल्या लोकांना ३,००० वर सगळे थांबले असे म्हणायला आवडते, म्हणून ते ऑक्टोबरचे सामने विसरले जातात.

१९६० चाही उल्लेख इथे राहून गेला आहे, म्हणून जोडतो. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज बिल मॅझरॉस्की यांच्या शेवटच्या होम रनसाठी लक्षात राहिली आहे. पण त्याआधी आठव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद असताना क्लेमेंटे यांनी पहिल्या बेसच्या दिशेने हळू घरंगळणारा चेंडू मारून धाव घेतली. प्रतिस्पर्धी यँकीज संघाचा पिचर बेस सांभाळायला वेळेत पोहोचला नाही, इनिंग जिवंत राहिली आणि पुढच्याच फलंदाजाने, हॅल स्मिथ यांनी, तीन धावांचा होम रन मारला. त्या धावेशिवाय मॅझरॉस्की यांच्यापर्यंत सामना पोहोचला असता की नाही, सांगता येत नाही. मालिकेतल्या सातही सामन्यांत त्यांनी हिट मिळवला होता. तरी त्या हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ते आठवे आले आणि हे त्यांच्या जिव्हारी लागले.

आता मृत्यूविषयी. मुक्ताताईंना तो विषय मागे ठेवायचा आहे, हे मला समजते. तरीही मला तो खेळापासून वेगळा करता येत नाही. १९७२ च्या शेवटी ते पोर्तो रिकोच्या हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात काही आठवडे राहिले होते. परतल्यावर थोड्याच दिवसांत, २३ डिसेंबरला, त्या शहरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. क्लेमेंटे यांच्यासाठी ते नकाशावरचे गाव नव्हते. तिथल्या रस्त्यांवर ते महिनाभरापूर्वी फिरले होते. त्यांनी सान हुआनमध्ये मदत गोळा केली आणि पाठवली. पाठवलेले सामान निकाराग्वातल्या सोमोसा राजवटीचे सैनिक मधल्यामध्ये अडवत आहेत, असे कानावर आले तेव्हा आपण स्वतः सोबत गेलो तर कोणी हात लावणार नाही, असे त्यांनी ठरवले.

विमान जुने डीसी-७ होते. त्याच महिन्यात धावपट्टीवर त्याला एक अपघात झालेला होता, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्यात मर्यादेपेक्षा सुमारे ४,२०० पौंड जास्त वजन होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. पाचही जण गेले. क्लेमेंटे यांचा देह कधीच सापडला नाही. संघातले सहकारी मॅनी सँगियेन शोकसभेला गेले नाहीत, ते पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्यांना शोधत होते. कुटुंबाने विमान वाहतूक खात्याच्या निष्काळजीपणाविरुद्ध दावा केला, तो खालच्या न्यायालयात जिंकला, पण १९७७ मध्ये अपिलात निकाल फिरला. हा भाग पिट्सबर्गच्या आठवणींत फारसा सांगितला जात नाही. तो सांगितला पाहिजे असे मला वाटते, कारण हा मृत्यू टाळता आला असता.

निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याची हॉल ऑफ फेमची अट त्यांच्यासाठी बाजूला ठेवण्यात आली आणि १९७३ मध्ये ४२४ पैकी ३९३ मते मिळून त्यांची निवड झाली. त्याच समारंभात माँटी अर्विन यांचाही समावेश झाला. लहानपणी सान हुआनमध्ये हिवाळी सामने खेळायला येणाऱ्या याच अर्विन यांना पाहून रॉबर्टो चेंडू फेकायला शिकले. त्यांची पिशवी उचलून आत नेली की तिकिटाशिवाय मैदानात प्रवेश मिळे. अर्विन आउटफिल्डर होते आणि त्या मुलाचे डोळे त्यांच्या हातावर खिळलेले असत.

मुक्ता_पि

दत्ताकाका, आपले म्हणणे मला पटले. शेवटची चार वाक्ये मी दोनदा वाचली.

रविवारी आम्ही पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात जाऊन फोर्ब्स फील्डची उरलेली भिंत पाहून आलो. दर १३ ऑक्टोबरला तिथे लोक जमतात आणि १९६० च्या सातव्या सामन्याचे रेडिओवरचे समालोचन ऐकतात, असे कळले. जुने होम प्लेट जवळच विद्यापीठाच्या एका इमारतीत, जमिनीत काचेखाली जपून ठेवलेले आहे. मुलगा त्या काचेवर उभा राहिला. राइट फील्ड कुठे असेल याचा अंदाज घेत त्याने आधी एका भिंतीकडे बोट दाखवले, मग वळून तिसरा बेस कुठे असेल ते शोधले आणि म्हणाला, ‘आई, मध्ये केवढी जागा आहे.’ यंदा १३ ऑक्टोबरला आम्ही त्या भिंतीपाशी जाणार आहोत. आठव्या इनिंगमधला तो घरंगळलेला चेंडू मला समालोचनात स्वतः ऐकायचा आहे.